सपाटीवरचा हलका गिअर

सुपा, रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय आराधना,

तुला माझा सलाम. पत्र पाहून दचकू नकोस, माझी तब्येत बरी आहे. फोनवर आपण दोघी 'जेवलीस का' आणि 'तिकडे थंडी आहे का' याच्या पुढे जात नाही, आणि मला जे सांगायचं आहे ते तेवढ्यात मावत नाही, म्हणून लिहायला बसले. पहिली गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. पप्पांची सायकल भंगारात दिली असं मी तुला कळवलं होतं, ते खोटं होतं. सायकल घरातच होती. शिलाई मशीनच्या मागे, भिंतीला टेकून, क्वायरच्या जुन्या झग्याखाली झाकलेली. मागच्या नाताळात तू आलीस तेव्हा तिच्यापासून चार हातांवर बसून चहा प्यायलीस आणि संध्याकाळी नगरला मैत्रिणीकडे राहायला निघून गेलीस. (एसटीच्या पाट्यांवर आता अहिल्यानगर लिहितात, पण माझ्या तोंडातून नगरच निघतं.) तू एक रात्रही घरी राहत नाहीस त्याचं कारण मला माहीत आहे. पप्पांच्या मातीच्या दिवशी मी तुला जे बोलले, ते. त्याच्यावर मी शेवटी येते. आधी सायकलचं.

खोटं का बोलले तेही सांगते. पप्पा गेल्यावर तीन महिन्यांनी तुझा मेसेज आला होता: आई, मला बाकी काही नको, पप्पांची सायकल तेवढी दे. बाकी काही नको! हे वाक्य मी दिवसभर वाचत होते. बाकी म्हणजे कोण, तर मी. मग मी लिहिलं, भंगारात दिली. लिहून झाल्यावर ब्लाउजला दोन तास हातशिलाई केली आणि सगळी उसवली, इतकी वाकडी आली होती.

तू आता मोठी झालीस, नोकरी करतेस, म्हणून लिहायला लाज वाटत नाही. मी तुझ्यावर जळत होते, आरू. आई लेकीवर जळते असं कुणी बोलत नाही, चर्चमध्ये तर नाहीच नाही. पण होतं ते होतं. तू सात वर्षांची असताना पप्पांनी कंपनीतल्या एका साहेबाकडून ती जुनी माउंटन बाइक घेतली, एकवीस गिअरची, आणि तुला छोटी लाल सायकल. तेव्हापासून रविवारची सकाळ तुमच्या दोघांची. पहाटे निघायचं, पवनचक्क्यांच्या घाटावर जायचं, दहाच्या उपासनेच्या आत परत. मी मागे उरायची ती पोह्यांना आणि इस्त्रीला. आल्यावर तुम्ही सायकली उलट्या करून अंगणात बसायचात. चेन धुवायला पप्पांनी माझी परात घेतली, रॉकेल ओतलं, आणि त्या परातीत पुन्हा कधी कणीक मळता आली नाही. मी बोलले तर म्हणाले, "अगं, लोखंडच आहे, विष थोडंच आहे?" आणि तू हसलीस. मला काम एकच, टॉर्च धरायचं. "दया, जरा इकडे. दया, हात हलवू नको." तुम्ही दोघं वाकलेले, आणि मला वरून दिसायची दोन डोकी, एकमेकांना चिकटलेली.

एकदा त्यांनी मलाही सायकल शिकवायचं मनावर घेतलं होतं. शाळेच्या मैदानात. मी साडी खोचून बसले, दहा पावलं गेले आणि सरळ बाभळीच्या फांट्यात. पप्पा हसले ते हसले, पण तू पोट धरून म्हणालीस, "आईला ब्रेक नाही, आईला नुसती बेल आहे!" ते वाक्य आपल्या घरात दहा वर्षं पुरलं. पाहुणे आले की पप्पा ते सांगायचे. मी पण हसायची. काटे मात्र मी एकटीने काढले होते.

आणि दुसरी गोष्ट. तुझे पप्पा माझ्याबरोबर कधी चालले नाहीत. लग्न झाल्यापासून बाजारात जा, मयतीला जा, चर्चला जा, ते चार पावलं पुढे. मी त्यांची पाठ ओळखते, चेहऱ्यापेक्षा चांगली. कितीदा म्हणायची, अहो, जरा हळू. ते थांबायचे, मी पोचले की पुन्हा चालायला लागायचे. थांबण्याचा काय उपयोग? दमलेल्या माणसाला थांबणाऱ्याचा राग जास्त येतो. हे लक्षात ठेव, पुढे कामाला येणार आहे.

आता सायकल दुरुस्त करायचं खूळ माझ्या डोक्यात कसं आलं ते ऐक. गेल्या दिवाळीनंतर भंगारवाला दारात आला, तेव्हा मला वाटलं, आपण खोटं बोललो आहोत ते निदान खरं तरी करून टाकू. झगा काढला, सायकल ओढली, तर हलेना. चेन गंजून मागे अडकली होती, चाक फिरत नव्हतं. भंगारवाला म्हणाला, "उचलून द्या ना ताई." मी वाकले आणि चेनकडे बघतच राहिले. तुला माहीत आहे, बंद पडलेलं मशीन मला बघवत नाही. शेजारच्या निकिताचं मशीन मी तीनदा उघडलं आहे, तिने न विचारता. त्याला म्हटलं, आज नको. तो म्हणाला, "तुमचं दर खेपेला आज नकोच असतंय," आणि गेला.

पप्पांच्या पत्र्याच्या पेटीत सायकलची इंग्रजी पुस्तिका होती. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वाचन पुड्यांच्या कागदांवर आणि चर्चच्या कपाटातल्या पुस्तकांवर झालेलं. पण मशीनचं इंग्रजी मी मशीनवरच शिकले, तसं हेही शिकले. शब्दकोश मांडीवर घेऊन रोज एक पान. मोबाईलवर सायकल दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले. माझ्या मनात एकच होतं, तुम्ही दोघं माझ्याशिवाय इतकी वर्षं काय करत होता ते मला आतून बघायचं होतं. टॉर्च धरून नाही.

पहिलं दुखणं निघालं उजव्या हाताच्या खटक्याचं. अंगठ्याने दाबला की चेन मागच्या चाकाच्या एका दातेरी चकतीवरून दुसरीवर जाते तो. तो गंजून बसला होता. नगरला एका मोठ्या दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "आता हेच येतं मावशी, सगळ्यांना बसतं." सगळ्यांना बसतं म्हणणाऱ्याकडून मी ब्लाउज शिवून घेणार नाही, पण खटका घेऊन आले. बसवला. पहिली टिचकी वाजली, चेन शहाण्यासारखी पुढच्या चकतीवर गेली. दुसरीला जरा कुरकुरली. चौथीला दोन चकत्यांच्या मधोमध जाऊन अडखळली, धड इकडे नाही, धड तिकडे नाही. पुस्तिकेत लिहिलेला वायरचा स्क्रू मी पंधरा दिवस पिळत होते. चौथी बरोबर झाली की पहिली बिघडायची. एके दिवशी शाळेचा शर्ट शिवताना एकदम उजेड पडला. बटणं पाऊण इंचावर लावली आणि काजं इंचावर केली तर काय होईल? पहिलं बटण बसेल, दुसरं ओढून बसेल, चौथं बसणारच नाही, आणि सगळा शर्ट वर खाली सरकवून काही उपयोग नाही. उठले आणि मोजलं. नवा खटका नऊ टिचक्यांचा, आपल्या चकत्या सात. नऊ चकत्या एकमेकींना चिकटून असतात, म्हणून तो खटका दर वेळी वायर थोडीच ओढतो. आपल्या सात लांब लांब बसलेल्या. तो बिचारा त्याच्या मापाने चालत होता आणि चेन आपल्या मापाने अडकत होती.

खटका घेऊन मी सायकल दुरुस्तीवाल्या सूर्यभानभाऊंकडे गेले, एमआयडीसीच्या फाट्यावर. तुला आठवतील, पप्पांना 'साहेब' आणि तुला 'छोट्या साहेब' म्हणायचे. मला बघून हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, तुमी? आनि सायकल?" मी बटणं आणि काजांचं सांगितलं. त्यांनी खटका हातात घेऊन फिरवून पाहिला. मग म्हणाले, "साहेबांला बी हे एवढं सोपं करून सांगता आलं नसतं." आरू, तुला खोटं वाटेल, त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूश होते. कुणाच्या तरी डोळ्यांत मी पप्पांच्या पुढे गेले होते. त्यांनी जुन्या सामानाच्या डब्यातून सात टिचक्यांचा खटका शोधून दिला. तो एका झटक्यात लागला.

मग चेन. चेनीचं माप माझ्याच पट्टीने घेता येतं हे वाचून मला मोठी गंमत वाटली. आतली कडी आणि बाहेरची कडी मिळून एक जोडी, जोडीला बरोबर एक इंच. बारा जोड्या, बारा इंच. जुनी चेन झिजली की लांबते. मी स्टीलची फूटपट्टी लावली तर आपली बारा इंचावर एक सूत जास्त. एक सूत म्हणजे कापडात काहीच नाही, पण चेनीत तेवढ्यावर ती बाद. म्हणून नवी चेन आणली आणि घातली. सायकल उलटी करून पॅडल हाताने फिरवलं, काय सुंदर चालली! मग निकिताला तिच्यावर बसवलं आणि गल्लीतून एक चक्कर मारायला सांगितली. ती ओरडतच आली, "काकू, हलक्या गिअरला कट्कन सटकते! बाकी सगळ्यांना बरी आहे."

फक्त हलक्या गिअरला. म्हणजे पुढे पॅडलजवळच्या तीन दातेरी चाकांतलं सगळ्यात छोटं चाक आणि मागच्या सगळ्यात मोठ्या दोन चकत्या. चढावर माणूस लावतो तो गिअर, ज्यात पाय भराभर फिरतात आणि सायकल मुंगीसारखी जाते. मी चष्मा लावून जमिनीवर बसले. मागच्या सातांपैकी पाच चकत्या कोऱ्या, कंपनीचा काळा रंगसुद्धा तसाच. आणि मोठ्या दोन झिजून करवतीच्या दात्यांसारख्या एका बाजूला कललेल्या. पुढचं छोटं चाकही तसंच. जुनी चेन त्या दात्यांबरोबर झिजली होती म्हणून त्यांच्यावर गुमान बसायची. नवीला ते दाते ओळखेनात, ती सटकत होती. दुरुस्तीच्या दृष्टीने एवढंच. पण मी दुरुस्तीच्या दृष्टीने बघतच नव्हते.

मला दिसत होता घाट. पुढे तू, छोट्या लाल सायकलवर, हाशहुश करत. आणि मागे तुझे पप्पा, एवढा दांडगा माणूस, सगळ्यात हलका गिअर लावून, पाय फुकट फिरवत, मुंगीच्या चालीने तुझ्या मागे मागे. एकदाही पुढे न जाता. चकत्यांवर ते लोखंडात कोरलेलं होतं. माझ्यासाठी ज्यांना चार पावलं हळू होता आलं नाही, ते तुझ्यासाठी लोखंड झिजेपर्यंत हळू झाले. मी तिथेच बसून राहिले, हात तेलकट. मग उठून झगा टाकला सायकलवर आणि दोन आठवडे तिच्याकडे बघितलं नाही. तुझा फोन आला तेव्हा मशीन चालू आहे म्हणून ठेवून दिला. मशीन बंद होतं.

पण सटकणारी चेन डोक्यातून जाईना. अर्धवट शिवलेलं कापड मला झोपू देत नाही. शेवटी जानेवारीत सायकल हाताने ढकलत सूर्यभानभाऊंकडे नेली, म्हटलं, या चकत्या काढा आणि सातच्याच नव्या बसवा. त्यांनी चाक शिकंज्यात धरलं, जोर लावला आणि सगळा चकत्यांचा गठ्ठा, फ्रीव्हील म्हणतात ते, काढून माझ्या हातात दिला. मी ते उलटं केलं. मोठ्या चकतीच्या मागच्या बाजूला, जिथे कधी कुणाची नजर जात नाही, तिथे खिळ्याने ओरखडून लिहिलं होतं: ८/१९. मी विचारलं, हे काय? "ती माजी सवय हाय वहिनी. माल बसवला की मागं महिना-साल ओरखडून ठेवायचं. लोक लई डांबरट. चार वर्सांनी येत्यात आनि म्हनत्यात, परवाच तर बसवलं हुतं!"

ऑगस्ट दोन हजार एकोणीस. तू पुण्याला गेलीस जूनमध्ये.

मला पटकन कळलं नाही. दुकानात बसून बोटांवर मोजलं. म्हणजे हे फ्रीव्हील तू गेल्यावरचं. ह्याच्यावर तू पुढे आणि पप्पा मागे असे एकही दिवस गेलेले नाहीत. मग ही झीज कुणासाठी? सूर्यभानभाऊ म्हणाले पुढची चाकंही त्यांनी त्याच दिवशी बदलली होती. त्यांनी चकत्या उजेडाकडे धरल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. "वहिनी, मानूस घाटात हलका गिअर लावतो. पन घाटापत्तूर सहा किलोमीटर सपाटी हाय, तितं ह्या मधल्या चकत्या लागायला पायजेल. ह्या तर कोऱ्या हायती. साहेब सपाटीला बी हलक्याच गिअरला चालवत हुते." चकत्या खाली ठेवून म्हणाले, "दम लागत असंल त्यांला."

दुसऱ्या दिवशी मी जीपने घाटाच्या पायथ्याशी गेले. तीन वर्षांत मी तिथे पाय ठेवला नव्हता. गोरक्षनाथची चहाची टपरी अजून आहे, आणि समोरचा तो सिमेंटचा बाकही, ज्याच्यावर पप्पा बसल्या जागी गेले. मी कोण ते सांगितलं तेव्हा त्याने चहा दिला आणि आपली टोपी काढली. मी विचारलं, त्या दिवशी साहेब घाट उतरून आले होते ना? तो म्हणाला, "न्हाई ताई. साहेब वर गेलेच न्हाईत. त्या दिशी न्हाई आनि त्याच्या आदी बी न्हाई. शेवटची दोन वर्सं ते हितंच यायचे, ह्याच बाकावर. आदी पानी प्यायचे, मग पंदरा मिंटं नुसते बसायचे, छातीवर हात ठिवून. मग फोन लावायचे लेकीला. मी येकदा म्हनलं, साहेब, वर जात न्हाई व्हय आता? तर हसले. म्हनले, गोरख, वर गेलं की खाली यावं लागतंय, कशाला दुप्पट काम?" आणि मग तो म्हणाला, "फोनवर म्हनायचे, ऐक, वारं ऐक. आनि मोबाईल रस्त्याकडं धरायचे. कंटेनर जायचा घर्र घर्र करत. मला लई हसू यायचं. मला वाटायचं बाप-लेकीची काहीतरी गंमत आसंल."

तू मला सांगितलं होतंस, आठवतं? माती झाली त्याच्या आदल्या रात्री, रडत: पप्पा दर रविवारी घाटावरून फोन करायचे, पवनचक्क्यांचा वारा ऐकवायचे. ते वारं नव्हतं, आरू. एमआयडीसीचे कंटेनर होते.

आता जे लिहिते ते वाचून तू माझ्यावर रागावलीस तरी चालेल. त्या बाकावर बसून, हातात चहा, माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? बरं वाटलं. त्यांनी तुलाही फसवलं हे कळून मला बरं वाटलं. मला वाटत होतं तुमच्यात काही लपलेलं नाही, सगळं लपवणं माझ्या वाट्याला. तर नाही. तुला वारं म्हणून कंटेनर ऐकवले, आणि मला म्हणायचे, गोरखकडे दोन माणसं भेटली, बोलत बसलो. दोघींना सारखंच. एक घोट चहा पिईपर्यंत मला बरं वाटत होतं. दुसरा घोट घेतलाच नाही, कप बाकावर ठेवून दिला.

कारण मग मला आठवायला लागलं. आधी ते आठ वाजता परत यायचे. नंतर नऊ, साडेनऊ. उपासनेला उशीर व्हायचा. मी दारात उभी राहायची, कमरेवर हात, आणि ते सायकल टेकवायच्या आत म्हणायची, "झालं का लेकीशी बोलून?" त्यांचे ओठ निळसर दिसायचे. मी बघितले होते ते ओठ. मला वाटायचं थंडी. ते म्हणायचे, "झालं." आणि आत जाऊन पाटावर बसायचे. उशीर मी मिनिटांत मोजत होते आणि प्रत्येक मिनिट तुझ्या नावावर टाकत होते. ज्याच्याशेजारी रोज झोपले त्या माणसाचा श्वास मोजायचं सुचलं नाही. जळणाऱ्या माणसाला धूर दिसतो, बाकी काही दिसत नाही.

आणि अजून एक, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. शेवटची दोन वर्षं तुझे पप्पा माझ्या बरोबरीने चालायला लागले होते. चर्चला जाताना, बाजाराला जाताना, अगदी खांद्याला खांदा. कधी कधी माझा हातही धरायचे, भर रस्त्यात. मी निकिताच्या आईला मिरवून सांगितलं होतं, बघा, म्हातारपणी सुधारले. मला वाटलं, लेक पुण्याला गेली, आता शेवटी माझी पाळी आली. मी इतकी खूश होते, आरू, की मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने न्यायची त्यांना. लांबच्या रस्त्याने! ते एकदाही नाही म्हणाले नाहीत.

सायकल आता तयार आहे. नवं सातचं फ्रीव्हील, पुढे नवं छोटं चाक, नवी चेन, आणि तो डब्यातला खटका. सूर्यभानभाऊ म्हणत होते, जुनी चेन जुन्या चकत्यांवर परत घाला, दोघं एकमेकांबरोबर झिजलेत, अजून वर्षभर चालतील. खरं होतं ते. पण तुला चालवायची आहे म्हणून मी नवं घातलं. सातही टिचक्या मी स्वतः लावल्या आहेत, एकही सटकत नाही, निकिताने चढावर नेऊन बघितली. जुनं फ्रीव्हील मी रॉकेलने धुऊन, पुसून ठेवलं आहे. त्याच परातीत धुतलं.

आता ते शेवटचं. कबरीत माती टाकून झाली नव्हती, पाळकसाहेब अजून प्रार्थना म्हणत होते, आणि मी तुझा दंड धरून म्हणाले, "तुला फोन करायला घाट चढत होते ते. तुझ्यापायी गेले." चार माणसांनी ऐकलं. तेव्हापासून तू आपल्या घरी झोपली नाहीस. तुला वाटत असेल दुःखात निघालं तोंडातून. दुःखात नव्हतं निघालं. पोलिसांनी पप्पांचा मोबाईल माझ्या हातात दिला होता, त्यावर शेवटचा फोन तुला होता, अकरा मिनिटांचा. त्यांचं शेवटचं बोलणं तुझ्या वाट्याला गेलं आणि माझ्या वाट्याला थंडगार मोबाईल, म्हणून मी ते बोलले. आणि ते खोटं होतं. ते घाट चढले नव्हते. तुझ्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. कितीतरी महिने त्यांच्याने चढवत नव्हतं, आणि हे सपाटीला लागणाऱ्या त्या कोऱ्या चकत्यांवर लिहिलेलं आहे, हवं तर मागे सूर्यभानभाऊंच्या खिळ्याची तारीख बघ. मी ते वाक्य परत घेते. पाळकसाहेबांनाही सांगितलं आहे आणि त्या चौघांनाही, एकेकाच्या घरी जाऊन. पत्र लिहिलं ते ह्यासाठी, आणि अजून एका गोष्टीसाठी, जी मी तीन वर्षांत विचारली नाही कारण मला ती तुझ्याकडून घ्यायची नव्हती. त्या अकरा मिनिटांत ते काय बोलले? माझ्याबद्दल असायलाच पाहिजे असं नाही. कंटेनर ऐकवला असेल तर तेवढंच सांग. फोनवर नको. एखाद्या शनिवारी ये, रात्री राहा, आणि रविवारी सकाळी सायकल उलटी करून अंगणात बस, वाकून सगळं तपास, माझं कुठे चुकलंय ते काढ. मी शेजारी बसेन, जमिनीवर. टॉर्च निकिता धरेल.

तुझीच, अजून थोडी जळणारी,
आई